घर कुठे ठेवू?

बेटावरचं घर घेतलं तेव्हा सुलेखाला कोणी विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तसं तिला कुठलंच घर घेताना कोणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन आली ते पुण्यातलं सासरचं, मग नवऱ्याच्या बदलीचं मुंबईतलं, मग सिंगापूर. इथे आधी बुकित तिमाहचा कॉन्डो, त्याचं भाडं झेपेना म्हणून एक फ्लॅट, मग आणखी एक, आणि आता मरीन परेडला उंचावरच्या मजल्यावर. दर वेळी निशिकांत संध्याकाळी बूट काढता काढता सांगायचा, "अगं, जागा बघून आलो. मस्त आहे." झालं. दुसऱ्या दिवसापासून सुलेखा रिकामे खोके गोळा करायला लागायची.

एवढी वर्षं बँकेत नोकरी करून या माणसाने सिंगापुरात स्वतःचं घर का नाही घेतलं, असं विचारू नका. भाव उतरले की घेऊ, असं तो आल्या दिवसापासून म्हणत होता. भाव काही उतरले नाहीत. दर दोन वर्षांनी घरमालकाचा एजंट यायचा, भाडं वाढवायचा किंवा जागा रिकामी करायला सांगायचा, आणि जाताना भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं मोजायचा.

आणि हाच माणूस एकदा ऑफिसातल्या मित्रांबरोबर इंडोनेशियातल्या तेंगिरी नावाच्या बेटावर मासे धरायला म्हणून गेला आणि घर घेऊन परत आला. बेट कुठे, तर सिंगापूरहून फेरीने तांजुंग पिनांग, तिथून दिवसभर दुसरी फेरी, आणि शेवटी पोम्पोंग म्हणतात त्या लाकडी इंजिनाच्या होडीतून धडधडत. मोबाइलला रेंज मिळते ती फक्त धक्क्यावर. घर म्हणजे लाकडी खांबांवर उभं केलेलं दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढे पडवी आणि पडवीच्या समोर थेट समुद्र. पाक रमली, म्हणजे रमलीकाका, म्हणून म्हातारा होता, तो मुलाकडे बाताम शहरात राहायला चालला होता, त्याने ते विकलं.

"अहो, पण तिथे परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही ना?" सुलेखाने विचारलं.

"जमीन घेतंय कोण? मी घर घेतलंय. नुसतं घर. कागदावर जमिनीचा ज नाही. कायद्यात चोख बसतं." करारमदार तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे स्वारी जाम खूश होती. घराखाली जमीन कोणाची, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. रमलीचीच असणार, आणि रमली तर बातामला गेला. आपल्या माणसाला घर म्हटलं की खालची जमीन त्यात आलीच. इतकं गृहीत की विचारायचंही सुचत नाही.

सुलेखा चिडली होती. एवढं डोकं इथे लढवलं असतंत तर आज आपण आपल्या भिंतीला खिळे ठोकले असते, असं तिने तोंडावर सुनावलं. पहिल्या खेपेला तर होडीत ओकून ओकून ती अर्धमेली झाली. पण दुसऱ्या वेळी जाताना तिने एक गोष्ट केली. आईचा पाटा-वरवंटा बरोबर घेतला.

हा पाटा पुण्याहून विमानाने आलेला. सिंगापुरात त्यावर दोनदा चटणी वाटली आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली. तेव्हापासून तो बाल्कनीत कुंडीखाली पडून होता. होडीवाल्याने तो दगड बघून कपाळाला हात लावला, निशिकांतने लाज आणलीस म्हणून ऐकवलं, पण ती बधली नाही. तेंगिरीला उतरल्यावर शेजारची माक नूर नावाची बाई बघायला आली. तिने पाट्यावरून हात फिरवला, खो खो हसली आणि सुलेखाला मनगट धरून आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे तसाच पाटा, तसाच वरवंटा, मिरचीने लाल झालेला. त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. सुलेखाची बाजारात शिकलेली मोडकीतोडकी मलय भाषा तेवढ्यासाठी पुरेशी होती. ही ओल्या नारळाची चटणी न्यायची, ती मिरचीचं सांबाल आणून द्यायची, आणि दोघी एकमेकींचं खाऊन डोळ्यांतून पाणी काढायच्या. मग दर काही महिन्यांनी, सुट्टी जुळली की, निघू या का असं सुलेखाच विचारायला लागली.

आणि २०१६च्या पावसाळ्यानंतर गावच्या मुखियाचा, पाक हसनचा, फोन आला.

निशिकांत सोफ्यावर बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. जमीन रमलीची नव्हतीच. रमलीच्या चुलतभावाची होती. रमली आयुष्यभर तिथे राहिला तो चुलतभाऊ राहा म्हणाला म्हणून. आता त्या भावाच्या मुलीचं लग्न झालं होतं, तिला तिथे घर बांधायचं होतं. तेव्हा तुमचं घर उचलावं लागेल, पाक हसन म्हणाला. कुठे ठेवायचं तेवढं सांगा.

"घर उचलायचं म्हणजे काय?" निशिकांत फोन ठेवून ओरडला. "घर म्हणजे काय सोफा आहे? फसवलं मला. तोंडावर गोड बोलून चक्क फसवलं, आणि वर चेष्टा करतायत, कुठे ठेवू म्हणून."

"बाबा, इट्स जस्ट अ हट, लाह," त्यांची मुलगी ऋचा पाया लेबारच्या ऑफिसातून नुकतीच आली होती, ती जेवणाचा डबा उघडत सिंगापुरी सुरात म्हणाली. "लेट गो."

"गो तर गो. मोडीत जाऊ दे. यापुढे या घरात त्या गावाचं नाव काढायचं नाही."

चेष्टा नाही हे सुलेखाला ठाऊक होतं. माक नूरने तिला एकदा बोट दाखवून सांगितलं होतं, माझं घर आधी तिकडे मशिदीजवळ होतं, मग धक्क्याशी, आता इथे. त्या गावात घर माणसाचं असतं आणि जमीन ज्याची त्याची. ज्याला जमीन लागते तो सांगतो, मग शुक्रवारच्या नमाजानंतर गाव गोळा होतं, घराखालून बांबू घालतं आणि घर खांद्यावर घेऊन चालायला लागतं. भांडण नाही, नोटीस नाही. नंतर सगळ्यांना भात आणि कोंबडी. हे तिने निशिकांतला तेव्हाच सांगितलं होतं, पण तो गळाला आमिष लावण्यात गुंतला होता.

पुढचे पंधरा-वीस दिवस निशिकांतने पाक हसनचा एकही फोन घेतला नाही. ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा. नाकावर राग तसाच. सुलेखाला मात्र काही सुचत नव्हतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिला ती पडवी दिसायची. भाड्याची इतकी घरं तिने सोडली, एकासाठीही तिला रडू आलं नव्हतं. या झोपडीसाठी येत होतं, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती.

एका गुरुवारी संध्याकाळी ती मंडईतून परतत होती. इमारतीच्या खाली, मोकळ्या जागेत बाकं आहेत, तिथवर आली आणि तिचा फोन वाजला. पाक हसन.

"इबू," बाई म्हणायचं तर ते लोक इबू म्हणतात, "उद्या जुम्मा आहे. माणसं जमणार आहेत. उद्या घर हलवलं नाही तर फळ्या सोडवून ठेवाव्या लागतील. आणि उत्तरेचे वारे सुरू झाले की सुटी लाकडं टिकत नाहीत. मग पुन्हा घर उभं राहायचं नाही."

"हो," सुलेखा म्हणाली.

"तीन जागा आहेत. टेकाडावर एक आहे, तिथून समुद्र छान दिसतो, पण वस्ती लांब आहे. एक शाळेमागे. एक विहिरीपाशी, माक नूरच्या परसात. कुठे ठेवू?"

"यांना विचारून सांगते," ती सवयीने बोलून गेली.

"त्यांना विचारलं, इबू. ते बोलत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारतोय."

सुलेखा बाकावर बसली. पिशवीतली कोथिंबीर खाली पडली ती तिने उचललीही नाही. इतकी वर्षं संसार केला, इतक्या वेळा बिऱ्हाड हलवलं, आणि तुझं घर कुठे ठेवू असं तिला विचारणारा पहिला माणूस हा होता. तीन होड्या पलीकडचा, परक्या भाषेतला.

"विहिरीपाशी," ती म्हणाली. मग तिला नवऱ्याचे करारमदार आठवले आणि तिने विचारलं, "पण ती जमीन माक नूरची. उद्या तिलाच लागली तर?"

"मग पुन्हा उचलू," पाक हसन म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला कळलं नसावं.

ती वर गेली ती तडक निशिकांतसमोर जाऊन उभी राहिली. पिशवी हातातच होती. एका दमात सगळं सांगितलं.

निशिकांत ताडकन उठला. "कोणाला विचारून? आणि विहिरीपाशी? तिथून समुद्र दिसतो तरी का? समुद्रासाठी घेतलं होतं मी ते घर."

सुलेखाने खिडकीचा पडदा बाजूला केला. समोर समुद्रच होता, आणि क्षितिजापर्यंत नांगर टाकून उभी असलेली मालाची जहाजं.

"हा काय समुद्र. रोज आहे. किती बघायचा?" तिने पडदा पुन्हा ओढून घेतला. "समोरच्या दारात कोण बाई राहते ते मला माहीत नाही. चार वर्षं झाली. लिफ्टमध्ये दोघी आकडे बघत उभ्या राहतो. मला माणसं दिसायला हवीत, अहो. मी सांगितलंय त्यांना. आता बदलणार नाही."

"परक्याच्या जमिनीवर, कागद नाही, पत्र नाही. उद्या म्हणाले ऊठ, तर?"

"इथे काय वेगळं आहे? एजंट म्हणतो ऊठ, आपण उठतो. तुमच्याकडे कागद असतो तरी उठतो. तो एजंट कधी एक कुंडी तरी उचलू लागला का आपल्याला?"

रात्री निशिकांत आमटीभात जेवला आणि ताट स्वतः घासायला घेतलं. त्याचं बिनसलं की तो ताट घासतो, आणि चुकलं असं वाटलं तरी ताटच घासतो, त्यामुळे यातलं काय ते सुलेखाला उमगलं नाही.

शुक्रवारी त्याने घरून काम करतो असं ऑफिसला कळवलं. कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. दुपारी सुलेखाच्या फोनवर छोटे छोटे व्हिडिओ यायला लागले. माक नूरची सून धक्क्यावर येऊन पाठवत होती. सुलेखा टेबलाशी बसली. थोड्या वेळाने निशिकांत तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

पहिल्या व्हिडिओत नुसते पाय आणि आरडाओरडा. दुसऱ्यात घर. आख्खं घर, पत्र्यासकट, पडवीसकट, हवेत. खाली माणसंच माणसं, टोप्या घातलेली, बांबू खांद्यावर. कोणीतरी लयीत ओरडत होतं आणि सगळे एक एक पाऊल टाकत होते. खिडकीत सुलेखाचा पडदा तसाच हलत होता. त्यांनी घरातलं काही काढलंच नव्हतं.

"पाटा?" निशिकांतने विचारलं. "पाटा आत असेल तर जमीन तुटेल फळ्यांची."

तिसऱ्या व्हिडिओत त्याचं उत्तर होतं. दोन बायकांनी पाटा दोन्ही बाजूंनी धरला होता. त्यांच्यापुढे, सगळ्या मिरवणुकीच्या पुढे, माक नूर चालली होती. तिच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि खांद्यावर पदर ओढावा तशी तिने त्यावर ओढणी ओढली होती. कॅमेरा जवळ आला तशी तिने हसत चादर बाजूला केली. वरवंटा होता. बारशाला पाळण्यात घालण्याआधी सजवतात तसा.

सुलेखाला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. तिने ते लपवलं नाही. ऋचाच्या बारशाला सुलेखाच्या आईने हाच वरवंटा असाच कडेवर घेतला होता, आणि हे माक नूरला कळायचा काही मार्ग नव्हता. दगड फुटू नये म्हणून तिला जे सुचलं ते तिने केलं होतं. निशिकांतचा हात सुलेखाच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात निशिकांतचा फोन वाजला. पाक हसन. निशिकांतने क्षणभर फोनकडे बघितलं, मग घेतला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे पाक हसनला धाप लागली होती. घर विहिरीशी पोहोचलंय, मी धक्क्यावर पळत आलोय, तो सांगत होता, खालचे दगड मांडून झालेत, आता घर टेकवायचं. दार कुठल्या बाजूला करू?

निशिकांतला मलय भाषेतले मोजकेच शब्द येत. त्यातले दोन त्याने शोधले. "तिला विचारा," तो म्हणाला आणि फोन सुलेखासमोर धरला.

समोरच्या परसाकडे, विहिरीकडे, रस्त्याकडे, सगळं एकदम सुलेखाच्या डोळ्यांपुढे येत होतं.

"लवकर सांगा, इबू," पाक हसन म्हणाला. "माणसं घर खांद्यावर घेऊन उभी आहेत."

"माक नूरच्या स्वयंपाकघराकडे," सुलेखा म्हणाली.

बरं, असं म्हणून पाक हसन धक्क्यावरून पळाला. फोन तिथेच राहिला, बंद करायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्याची पावलं फळ्यांवर वाजत राहिली, आणि मग लांबून, आधी एकाला आणि मग दुसऱ्याला, तो तिचं उत्तर ओरडून सांगत गेलेलं दोघांना ऐकू आलं.