पालथा कप

कोंडूचं वागणं मला मुळीच पटलं नाय. सोयरिकीला गेलेला माणूस चहा पितो, कप खाली ठेवतो, मिशी पुसतो. हा कप घेऊन उठला, बाहेर जाऊन विसळला, पालथा घालून आला आणि परत भुईवर उकिडवा बसला. शेजारी खुर्ची रिकामी.

कोंडू माझा धाकटा दीर. नात रेश्मा, तिच्यासाठी धसईचं स्थळ आलेलं. माझा भरत, म्हणजे तिचा बाप, बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेलाय. माझा नवरा नवसू कधीच वारला. मांडवात वडील माणूस म्हणून बसायला उरला एकटा कोंडू. तो ताठ बसतो हे पाहुण्यांनी बघावं म्हणून तर त्याला नेला होता.

सकाळी निघालो तर वाडीत सामसूम. सगळे भट्ट्यांवर. दारांना काट्याच्या फांद्या लावलेल्या. "येते गो" म्हणायचं तरी कोणाला? खर्डीला आलो, तिथून शहापूर, पुढे मुरबाडची एस.टी.

किन्हवली मागं पडली आणि आमच्या जुन्या मालकाचं खळं आलं. आता तिथं लग्नाचं लॉन झालंय. मोठी कमान, प्लास्टिकची फुलं. तान्ह्या भरतला झोळीत टांगून तिथं मी भात झोडलंय. आमच्या लग्नाला मालकानं दाणे-पैसे दिले आणि त्यापायी नवसू त्याचा गडी झाला. नवसूमागून मी. आणि मालकाच्या म्हशींमागं हा कोंडू, धड नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून. पुढं कायदा झाला, सुटलो म्हणतात. सुटलो ते भट्टीवर गेलो.

शेजारी कॉलेजची पोरगी बसलेली. तिला म्हटलं, "हितं आमी गडी होतो, बाय. वेठीला."

"हो का आजी?" तिनं फोनातून मान वर केली. "लॉन मस्त आहे पण."

कोंडूकडं बघितलं. तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत होता. सोबत असून नसल्यासारखा.

धसईचे पाहुणे आपल्यातलेच. पण घर स्लॅबचं, दारात मोटारसायकल, पोरगा दीपेश कंपनीत. ते बघूनच कोंडूनं चपला फाटकाबाहेर काढल्या. मी घालूनच ओट्यापर्यंत गेले.

"बसा ना काका, वर बसा," दीपेशची आई वर्षा म्हणाली.

"बरा हाय हितं."

मग चहा आला, आणि तो कप.

मालकाकडं आमचे कप घरात नसायचे. कान तुटलेले कप बाहेर वळचणीला खोचून ठेवलेले. वरून चहा ओतायचे. पिऊन झालं की आपलं आपण विसळायचं आणि पालथं घालून जागेवर ठेवायचं. इथं स्लॅबच्या घराला वळचण कुठली! तर यानं खिडकीबाहेरचा कठडा शोधला.

"अगो बाई, किती नीटनेटके काका!" वर्षा हसली. "आमच्या दीपेशला शिकवा जरा."

सगळे हसले. कोंडूही हसला. एवढी माणसं बसलेली, पण त्या कपाची ओळख मला एकटीलाच. ज्यानं ठेवला त्यालासुद्धा नाय. सांगणार कोणाला, आणि सांगून ते काय म्हणणार? लॉन मस्त आहे पण.

पोरगी त्यांनी आधीच बघितलेली, बोलणी झाली आणि सोयरीक जमली. दुसऱ्या चहाला एक कप कमी पडला. वर्षा आत-बाहेर शोधत राहिली. मी काय बोट दाखवलं नाय.

परतीला मुरबाडच्या स्टँडवर बाकड्यावर बसले. कोंडू खांबाशी, खाली.

"जमला बघ वैनी," तो खुशीत म्हणाला. "मान देनारी मानसं हायेत."

"मान खुर्चीवर ठेवला होता त्यांनी. तू बसलास खाली."

"खालीच बरा वाटतं."

"आन कप?"

"कंचा कप?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. खोटं बोलत नव्हता. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं.

"कोन काय बोलला का, वैनी? माजं काय चुकलं?"

डोळे तसेच, म्हशी हरवून आलेल्या पोराचे. माझी जीभ तिखट, वाडी जाणते. सून आल्यापासून मी घरात कोणाचं उष्टं भांडं उचललेलं नाय, हेही जाणते. गाडी लागली, माणसं धावली. मी त्याचा दंड धरून त्याला बाकड्यावर शेजारी बसवला.

"ऐक रे कोंडू. माझ्या लग्नापायी तू म्हशींमागं गेलास. रेश्माच्या लग्नात मांडवात खुर्चीवर बसायचं. चहा प्यायचा आन कप तिथंच ठेवायचा. तो मी उचलीन. कठड्यावर पालथा घातलेला दिसला ना, तर तुझ्याच टाळक्यात घालीन."