तीन नंबरवरचा खराब माल

आमच्या कारखान्यात गॅसच्या शेगडीचे पितळी नोझल बनतात आणि त्यांचा हिशोब मी ठेवते. एकोणीस वर्षं झाली. माझ्या रजिस्टरात एक चूक दाखवा, नाव बदलीन, असं मी येताजाता सगळ्यांना ऐकवायची. त्यामुळे मालकांच्या मुलीनं, म्हणजे धाकट्या मॅडमनी, सगळा कारभार संगणकावर न्यायचं काढलं तेव्हा लोकांना वाटलं, हिला खुर्ची जायची भीती वाटतेय. वाटू दे. मला भीती होती, पण ती वेगळ्याच कारणानं.

छिद्र पाडायची चार मशीनं आहेत. एक नंबरवर आमचे हे, तीन नंबरवर मामा. मामा कुणाचेच मामा नाहीत, पण मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. नोझलचं छिद्र केसाएवढं. दांडा दाबणाऱ्या हाताचा अंदाज जरा चुकला की छिद्र मोठं होतं आणि नग वाया जातो, पण नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. तपासणीच्या टेबलावर छिद्र मोजायचा गेज लावला की कळतं. तिथून मशीनवार चिठ्ठी माझ्याकडे येते, मी बेरीज करते आणि महिनाअखेरीस फळ्यावर लिहिते. आपला किती माल खराब निघाला हे माणसाला कळतं ते त्या फळ्यावरून.

दोनेक वर्षांपूर्वी एक नंबरच्या चिठ्ठ्या फुगायला लागल्या. आधी दिवसाला चार नग, मग नऊ, मग वीस. घरीही यांच्या हातून कप निसटायचा, कुलपात किल्ली जाईना की कुलपावरच चिडायचे. मी काय समजायचं ते समजले. आमच्याकडे ज्याचा आकडा चढतो त्याचं मशीन काढून घेतात आणि त्याला पॅकिंगला बसवतात. आणि हे म्हणजे कारखान्यातला सगळ्यात पक्का हात, नव्या माणसाला यांच्याच शेजारी उभं करायचे. पॅकिंगला बसवलं असतं तर या माणसानं अन्न सोडलं असतं. म्हणून एका दुपारी मी यांचे दहा नग उचलून तीन नंबरच्या नावावर टाकले. मामांच्याच का? तर मामा चष्मा घरी विसरतात, फळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि मालकांच्या मर्जीतले म्हणून त्यांचं मशीन कुणी काढून घेत नाही. हात ताळ्यावर येईपर्यंतच, असं मी स्वतःला बजावलं. हात काही ताळ्यावर आला नाही आणि मलाही सवय लागली; यांचे वाढतील तेवढे नग तीन नंबरवर.

आता पहिल्या तारखेपासून आकडा तपासणीच्या टेबलावरूनच संगणकात जाणार होता. मध्ये मी नाही. पंधरा दिवस उरले होते आणि त्या पंधरा दिवसांत माझं कशात म्हणून लक्ष लागलं नाही. भाजी अळणी झाली, दूध उतू गेलं. "काय गं, कसला घोर लावून घेतलायस?" हे विचारायचे. संगणकाचा, म्हणायची मी. तेवढं तरी खरं होतं.

जुने आकडे मलाच भरायला लावले होते. रजिस्टरात होते तेच भरले, दुसरं काय भरणार? शेवटचा महिना भरून झाला आणि मॅडमनी मला आत बोलावलं. पडद्यावर तीन नंबरची ओळ लालभडक झाली होती.

"काकू, नवं मशीन येतंय, आपोआप चालणारं. त्याला जागा करायला एक जुनं काढावं लागेल. तीन नंबर काढू या. मामांना महिनाअखेरीस मोकळं करू."

"मामांची तीनच वर्षं राहिलीत, मॅडम."

"मलाही वाईट वाटतंय. पण आकडे तुमचे आहेत. तुमचे आकडे कधी चुकत नाहीत."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. बाहेर आले तर मामा दारातच. "काय हो, त्या संगणकाच्या डब्यात माझं नाव नीट घातलंत ना? नाहीतर माझा पगार घेऊन दुसराच कुणीतरी मजा मारायचा." आणि स्वतःच हसले. घातलंय, म्हटलं मी आणि जागेवर जाऊन बसले.

खऱ्या चिठ्ठ्या मी फाडल्या नव्हत्या. तेवढं पाप करायला हात धजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. "मला काढा. पण मामांना काढू नका."

त्यांनी एकेक चिठ्ठी बघितली. "तुमचं काय करायचं ते बाबांशी बोलून ठरवते," त्या म्हणाल्या. "काकांच्या हाताला काय झालंय?"

"माहीत नाही."

"आणि त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

जेवणाच्या सुट्टीत यांना मागच्या पायऱ्यांवर गाठलं आणि सांगितलं. डबा उघडाच राहिला. ओरडले असते तर मीही चार शब्द बोलले असते, पण हे ओरडले नाहीत.

"बोटांना मुंग्या येतात गं माझ्या," हे म्हणाले. "दोनदा डॉक्टरांकडे नंबर लावला होता. दोन्ही वेळा फळा बघितला. माझे सगळ्यात कमी. म्हटलं, हात ठणठणीत आहे, उगाच वहम. नंबर रद्द केला."

मी यांची अब्रू राखत होते, असं मला दोन वर्षं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यांना डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना एकेक करून टाचणी टोचली. करंगळीला टोचली, शेजारच्या बोटाला टोचली. हे शांत बसून होते, कधी टोचणार याची वाट बघत.

"शीर दबलीय," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आलं तर हात पूर्ण सुधारतो. कधीपासून आहे?"

"असेल सहा-सात महिने."

"बावीस महिने," मी म्हटलं.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "इतकं नक्की कसं सांगता?"

हे माझ्याकडे बघत होते.

"मी मोजत होते," मी म्हटलं.