भागीरथीची मुंगी

पहिला दांडका बाळाजीच्या टाळक्यात बसला आणि त्याच्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात रक्त उडालं. मारणारा कुणी परका नव्हता. सख्खा धाकटा भाऊ, दिनानाथ.

“माझ्या बांधावरचा उंबर तोडतोस? तो पण त्या शहरातल्या मांडव-डेकोरेशनवाल्याच्या माणसांकडून?” दिनानाथ गरजला. “किर्तीचा चुलता मेला काय रे?”

त्यांच्या घराण्यात मांडवाची पहिली मेढ उंबराची, आणि ती तोडून आणायचा मान नवरीच्या चुलत्याचा. पण दोन वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. मान द्यायचा तर आधी तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून बाळाजीनं परस्पर मांडववाल्याची माणसं धाडली.

बाळाजीनं एका हातानं डोकं दाबलं, दुसऱ्यानं पहार उचलली आणि दिनानाथच्या गुडघ्यावर घातली. हाड वाजलेलं चुलीपर्यंत ऐकू गेलं. मग मामे काय, मेव्हणे काय, जो तो दुसऱ्याच्या उरावर. खुर्च्या डोक्यात बसल्या, बायकांच्या बांगड्या फुटल्या. दिनानाथची बायको उमा त्याच्या हातातला दांडका ओढायला गेली, तर त्यानं उलट्या हातानं अशी दिली की तिचा ओठ फाटला.

भागीरथी ओटीवर भिंतीला तोंड करून बसली होती. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहीत होती. पंचक्रोशीत चौक लिहावा तर तिनंच. शिरगावच्या टॉवरांत राहणारेसुद्धा तिला गाडी धाडून नेत. ती उठली, गेरूची बादली उचलली आणि दोघा भावांच्या अंगावर उपडी केली. रक्त कुठलं नि गेरू कुठला, कळेना. तेव्हा कुठं हात थांबले.

“मावशी, कोपरा तेवढा राहिला गो,” बाळाजीची बायको इंदुबाई काकुळतीला आली. “हळदीची वेळ टळते.”

“नाय काढत.”

 त्या कोपऱ्यात भागीरथी मुंगी काढायची, तोंडात शीत धरलेली. मुंगीशिवाय तिचा चौक पुरा नाही, आणि चौक पुरा झाल्याशिवाय हळद नाही. तरुणपणी नवऱ्याचा मार खाऊन ती भुईला पडली होती, तेव्हा नाकासमोरून एक मुंगी आपल्याहून मोठं शीत ओढत चालली होती. घरात तेवढंच एक चांगलं चाललं होतं. तेव्हापासून ज्या घरात डोळ्यांनी काही चांगलं दिसेल, त्याच भिंतीला ती मुंगी द्यायची.

“काय बघितलं मी इथं? टाळकी फुटलेली? दाखवा काय चांगलं हाय ते!”

“मी देवळाला फरशी घातली,” टॉवेल डोक्याला दाबत बाळाजी बोलला.

“आणि पायरीवर नाव कोरून घेतलंस. ते तू वसूल केलंस. पुढं?”

“मी आयशीला सांभाळली,” दिनानाथ कण्हला.

“सांभाळलीस चार महिने, सांगतोस दहा वर्षं. गप बस.”

इंदुबाई रडायला लागली. आत पिवळं लुगडं नेसलेली किर्ती दार धरून उभी. भागीरथीनं चौक लिहायची काडी धुवायला घेतली आणि तिची नजर पाटाकडं गेली.

नवरीच्या पाटापाशी उमा गुडघ्यांवर बसली होती. भिजवलेल्या कणकेचा गोळा जमिनीवर दाबून दाबून ती फुटक्या बांगड्यांच्या काचा टिपत होती. ओठातलं रक्त पदराला पुसायची, पुन्हा तळहात फिरवून बघायची.

“काय करतेस गो?”

“किर्ती अनवाणी येईल ना मावशी. बारीक काच डोळ्यांना दिसत नाय.”

भागीरथी भिंतीकडं वळली आणि चार टिंबांत मुंगी काढून मोकळी झाली.

“पहिली हळद उमा लावील,” ती मोठ्यानं बोलली. “ज्याला पटत नसंल त्यानं भिंत पुसावी, मी बघते.”

इंदुबाईनं हळदीची वाटी उमापाशी आणून ठेवली.

तेवढ्यात रिक्षा आली, एकच. टाके घालायला बदलापूर गाठायचं होतं. बाळाजीला आत कोंबलं, त्याच्या मांडीवर दिनानाथचा मोडका पाय आडवा ठेवला. दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसले.

“उमे, चल बस,” दिनानाथ खेकसला.

उमानं हळदीची वाटी उचलली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

“मी हळद लावून येते,” ती सुजलेल्या तोंडानं बोलली. “तुम्ही व्हा पुढं. संगं भाऊ हाय ना तुमचा.”