कम्फर टेबल

अंबडच्या कंपनीत सुपरवायझरची खुर्ची मिळाली आणि संतोषला 'कम्फर्टेबल' हा शब्द लागला; एखाद्याला तंबाखू लागावी तसा. मखमलाबादचं घर कम्फर्टेबल नाही, आईची बाजरीची भाकरी कम्फर्टेबल नाही, परवा तर बायकोचा मामेभाऊसुद्धा कम्फर्टेबल निघाला नाही. बायको, शुभांगी, ऐकून घ्यायची आणि भांडी जरा जोरात आपटायची.

पुढे त्याच्या आईच्या, चंद्रभागाबाईंच्या, पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात फिनेलचा वास येताच साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"मी खाली गाडीत बसतो. इथं नाही कम्फर्टेबल."

चंद्रभागाबाईंनी खाटेवरून ऐकलं. नर्स न्यायला आली, तर त्या खाटेची दांडी सोडेनात.

"मी नाय जायची. संत्या बोलला ना, इथं कम्फर टेबल नाय. मंग मला काय फरशीवर कापत्यात? त्याला कळतं, कंपनीत हाय तो."

नर्स हसली. शुभांगीला हसू आलं नाही. तिने अर्थ सांगून पाहिला, पण आईंना लेकाचाच शब्द खरा.

"कावीळ चढायला लागलीय," नर्स म्हणाली, "आज टाळलं तर जड जाईल."

शुभांगी खाली गेली. मारुतीची सीट मागे पाडून, एसी लावून साहेब पडले होते. टेबलाचं ऐकून खो खो हसले.

"अडाणी बाई. सांग तिला, कम्फर्टेबल म्हणजे आरामशीर."

"सांगितलं. पण कॉलेजात सर वेगळं सांगायचे. त्यातला 'फोर्ट' लॅटिनमधला, म्हणजे बळकट. शेजारी राहून बळ द्यायचं, तो मूळचा कम्फर्ट. गाद्या-उशा मागनं आल्या. तुम्ही नुसत्या गाद्याच उचलल्या."

"आता तू मला इंग्लिश शिकवणार?"

"त्याला उशीर झाला. वर चला. टेबल आहे, हे तुमच्याच तोंडून ऐकायचंय त्यांना."

आला बापडा, रुमालासकट.

"आई, टेबल आहे. मी बघून आलो."

बघितलं कुठं होतं! पण म्हातारीने दांडी सोडली ती थेट त्याचं मनगट धरायला.

"मंग दारापर्यंत चल."

स्ट्रेचर हललं. एक हात आईच्या मुठीत, दुसऱ्यात नर्सने सलाईनची बाटली दिली. रुमालाला हातच उरला नाही. तो खाली पडला, तसा शुभांगीने उचलला. अत्तर मारलं होतं त्याला.