पहिल्या मेणबत्तीचे ओघळ

पणजीला सारे सरळ हाताची म्हणत, आजीला मोजमापी, आणि आईला तर बिनओघळीची हेच नाव पडले होते. तिघींनी एकाच स्वयंपाकघरात, चर्चमागच्या पोळ्यांचे मेण वितळवून आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या ओतल्या, आणि त्यांतली एकही कधी रडली नाही. चौथ्या पिढीतली मेणवाली त्या सकाळी पुढून दुसऱ्या बाकावर ताठ बसली होती. नाताळाआधीच्या चार रविवारांतला तो पहिला रविवार. पहिली मेणबत्ती पेटली, फादरनी 'जागे राहा' हे वचन वाचायला घेतले, आणि साऱ्या मंडळीदेखत मेणाचा एक जाड ओघळ मेणबत्तीच्या अंगावरून खाली उतरला.

तिने मान खाली घातली नाही. तशी त्या घराण्याला सवय नव्हती. काय झाले ते तिला तत्क्षणी समजले. साच्यात वात ताणून बांधताना हात थरथरला होता, गाठ सैल राहिली होती आणि वात एका अंगाला सरकली होती. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "हात गेला हो म्हातारीचा." अडुसष्टाव्या वर्षी गुडघे गेले, नजर अधू झाली, कान तेवढे शाबूत राहिले होते.

उपासना संपल्यावर ती मेणबत्ती काढून न्यायलाच वेदीपाशी गेली. बुधवारपर्यंत वितळवून पुन्हा ओतून देते, असे तिने फादरना सांगितले. फादर वयाने तिच्या मुलासारखे होते, म्हणाले, कशाला दगदग करता, उजेड काही वाकडा पडत नाही. ती काही बोलणार तोच तिची नजर, चारही मेणबत्त्या ज्यात उभ्या होत्या त्या डहाळ्यांच्या कड्याखालच्या पितळी ताटलीवर गेली. तिथे अंगठ्याएवढे मेण थिजून पडले होते.

वेदीचे मेण वेदीचे, ताटलीत पडलेले ओघळ ओतणारीचे, असा पणजीच्या काळापासूनचा रिवाज होता. तो नुसता तोंडी राहिला, कारण ताटलीत कधी काही पडलेच नाही. त्या कसबी घरात स्वतःचे असे चिमूटभर मेण म्हणूनच कधी साठले नाही, आणि म्हणूनच साठ वर्षांचे एक देणे अंगावर राहिले होते.

साठ वर्षांपूर्वी पोळ्यांना रोग लागला आणि चौथ्या मेणबत्तीला मेण पुरेना. तेव्हा समोरच्या घरातल्या तरुण शिक्षिकेने पेटीतून स्वतःची बाप्तिस्म्याची मेणबत्ती काढून दिली. बाप्तिस्म्याला पेटवलेली मेणबत्ती जन्मभर जपायची आणि अखेरच्या घटकेला पुन्हा पेटवून हाती घ्यायची, ही तिथली रीत. आठ वर्षांच्या मेणवालीनेच ती दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडून आणली होती. तिच्या आईने, बिनओघळीने, ती वितळवण्यापूर्वी तागडीत घातली आणि नेमका तेवढ्याच वजनाचा एक गुळगुळीत गोटा शोधून फडताळात ठेवला. याच पोळ्यांच्या मेणाची, याच वजनाची परत करीन, असा तिचा शब्द होता. पुढे कित्येक फादरनी चर्चचे मेण देऊ केले. तिने घेतले नाही; चर्चचे घेऊन आपले देणे फेडणे तिला फेडणे वाटत नसे. मरताना लेकीला तिने एवढेच बजावले, की गोटा टाकू नकोस.

ती शिक्षिका, जिला सारे गाव 'बाई' म्हणे, आता ब्याऐंशीची होती आणि दोन महिने अंथरुणावरून उठली नव्हती.

"फादर, ताटलीतले ओघळ माझेच ना?"

"चार पिढ्यांपासून तुमचेच आहेत, मावशी. मागायला आजवर कोणी आलं नव्हतं."

"मग ही मेणबत्ती अशीच राहू दे."

"लोक चारही रविवार बोलतील."

"बोलू देत. त्यांचाही वेळ जायला हवा."

त्याच दुपारी तिने बाईंना सारे सांगितले. बाईंनी डोळे मिटूनच ऐकले.

"वर्गात एक मिनिटाचा उशीर मी कुणाला चालवला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हा मायलेकींना साठ वर्षं चालवला. किती दिवस म्हणालीस?"

"चार रविवार."

"थांबते. पण माझी घंटा मी वाजवत नाही, एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या रविवारी पहिलीच्या जोडीला रीतीप्रमाणे दुसरी मेणबत्ती पेटली, आणि पहिलीखाली ताटलीत थोडे अधिक मेण पडले. मेणवालीने ते सुरीच्या पाठीने खरवडून घरी आणले, तागडीत घातले. गोट्याचे पारडे जागचे हलले नाही. पाठीशी शिकायला लेक नव्हती, सून नव्हती. ही विद्या आपल्याबरोबरच जाणार, हे तिला ठाऊक होते आणि त्याचे वाईट वाटण्याइतकेही त्राण उरले नव्हते. ती रोज संध्याकाळी समोर जाई, बाईंच्या ओठांना पाणी लावी. बाई दिवस विचारीत. मंगळवार म्हटले की, रविवार अजून लांब म्हणून, कपाळाला आठी पडे.

तिसऱ्या रविवारी पारडे हलले, अर्ध्यावर अडले. त्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले आणि बाईंचा सांभाळ करणारी भाची दाराआड रडली. शुक्रवारी बाईंनी मेणवालीला ओळखले नाही. त्यांच्या रिकाम्या हाताची बोटे मात्र काहीतरी धरल्यासारखी मिटलेली होती.

या घराण्यात पहिली मेणबत्ती मुद्दाम सर्वांत उंच ओतीत, म्हणजे तीन रविवार जळून चौथ्या रविवारी ती इतरांच्या बरोबरीला येई. त्या चौथ्या रविवारी ती बोटभर बुटकी उभी होती. पाहायचे ते साऱ्यांनी पाहिले. मेणवाली शेवटपर्यंत ताठ बसली, मग ताटली फडक्यात गुंडाळून घरी निघाली. या वेळी दोन्ही पारडी समोरासमोर येऊन थांबली. तिने तागडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा पाहिले.

मेण वितळले, पण वात बांधायला घेतली तशी बोटे थरथरू लागली. ती तशीच चर्चमध्ये परत गेली. त्या घरातल्या कोणीही आजवर जे म्हटले नव्हते, ते तिने म्हटले.

"फादर, एवढी वात धरायला येता का?"

फादर आले. बाह्या सारून, मेण आळेपर्यंत श्वास रोखल्यासारखे साच्यापाशी उभे राहिले.

दुपार कलताना दोघे रस्ता ओलांडून गेले. मेणवालीने बाईंची मिटलेली बोटे उघडून त्यांत मेणबत्ती ठेवली आणि आपल्या हाताने वरून धरली. फादरनी ती पेटवली, प्रार्थना म्हटली. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे उघडले, ज्योतीकडे पाहिले, मेणबत्ती किंचित वर-खाली केली.

"वजन तेच," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगते, पोचली म्हणून."

मेणबत्ती सरळ जळत होती. तिच्या अंगावर एकही ओघळ नव्हता.

बाई गेल्या तेव्हा बाहेर अजून ऊन होते. मेणवाली घरी आली, तिने फडताळातला गोटा काढला आणि कुंपणाच्या कडेला, वाटेवरच्या इतर दगडांत नेऊन ठेवला. दारापाशी पोचल्यावर तिने वळून पाहिले. त्यांतला तो कोणता, हे आता तिलाही सांगता आले नसते.