पडद्यामागची रुंद खुर्ची

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटतं की कुणीतरी दोन माणसांच्या बाकाला चाकं लावली आहेत. तसं नाही हं. मी एक जुनी व्हीलचेअर आहे आणि माझी रुंदी एकाच माणसासाठी आहे. फक्त तो माणूस सुमो पहिलवान असतो. सध्या माझा मुक्काम कॅनडात, टोरांटोजवळच्या वॉनमध्ये आहे. एका बाजूला टायरवाल्याचं गोदाम, दुसऱ्या बाजूला फरश्यांचं, आणि मध्ये आमचा आखाडा. हिवाळ्यात माझ्या नळ्या अशा गारठतात की तोंड उघडवत नाही. आज दाराच्या काचेतून ऊन आलं आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेते.

माझा जन्म जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या नळ्या नेहमीपेक्षा जाड घेतल्या होत्या, सांधे पुन्हा पुन्हा जोडले होते. मी तयार झाले तेव्हा कारखान्यातली तीन माणसं एकदम माझ्यावर बसली आणि मी हूं की चूं केलं नाही. मालक खूश झाला. मला फडक्यानं पुसून त्यानं एका मोठ्या सुमोगृहात पाठवलं. मी मोठ्या तोऱ्यात निघाले होते. वाटलं होतं, आता रोज कुस्त्या पाहायला मिळणार.

पण मला ठेवलं पडद्यामागच्या बोळात. रिंगण होतं मातीच्या उंच ओट्यावर, आणि तो ओटा पवित्र. तिथं चाकं जायची नाहीत. चपला जायच्या नाहीत, बायकांनी तर पाऊलही ठेवायचं नाही. मला ऐकू यायची ती फक्त गर्दीची आरोळी, मग दोन देह एकमेकांवर आदळल्याचा आवाज, मग टाळ्या. कधी कधी टाळ्या वाजायच्याच नाहीत. सगळं सभागृह श्वास धरून बसायचं. तेव्हा मला कळायचं की कुणीतरी पडलं आहे आणि अजून उठलेलं नाही.

तिथली रीत अशी, की पडलेल्यानं स्वतः उठायचं. आपल्या जागेवर जायचं, समोरच्याला वाकून नमस्कार करायचा, आणि मगच रिंगणाबाहेर पडायचं. गुडघा निखळला असला तरी पहिलवान दात-ओठ खात उठायचे आणि वाकायचे. ओट्यावरून खाली येताना मात्र पाय दगा देई. मग धाकटे पहिलवान त्यांना खांद्यावर घेऊन पडद्यापर्यंत आणत. पडदा बाजूला झाला की माझी पाळी. तेवढ्या वाटेत त्या दुखऱ्या पायाचं काय होत असेल, हे कुणी विचारत नसे. मला मात्र रोज वाटायचं, एकदा तरी मला त्या ओट्याच्या काठाशी नेऊन उभं करा. मी वर चढत नाही. निदान त्यांना चालावं तरी लागणार नाही.

एका पहिलवानाला मी मनातल्या मनात डोंगर म्हणत असे. तो पहिल्यांदा बसला तेव्हा माझे दोन्ही हात त्याच्या मांड्यांनी झाकून गेले. मला ढकलणाऱ्या पोरांना त्यानं पडद्यापाशी थांबवलं आणि मान वळवून रिंगणाकडे पाहिलं. माझ्यावर बसलेला प्रत्येक जण असाच मागे वळून पाहायचा. पण हा फार वेळ पाहत राहिला. पायाला विश्रांती हवी होती, ती त्यानं घेतली नाही. स्पर्धा चुकली की क्रमवारी घसरते, आणि क्रमवारी घसरली की काल ज्याला लोक जेवण वाढत होते त्यालाच आज भांडी घासावी लागतात. तो गुडघ्याला पट्ट्यांवर पट्ट्या बांधून पुन्हा उतरला आणि पुन्हा माझ्यावर येऊन बसला. त्यानंतर तो आलाच नाही. मी पुष्कळ दिवस पडदा हलला की त्याचीच वाट पाहत असे.

पुढे लोकांनी आवाज उठवला. पडलेल्याकडे लवकर कोणीतरी जायला हवं, असं बोललं जाऊ लागलं, नियमही थोडे सुधारले म्हणे. मी ते पाहायला तिथं नव्हते. नवीन खुर्च्या आल्या आणि मी मोडीत निघाले होते.

तिथून मला उचललं उल्हासनं. हा मूळचा साताऱ्याकडचा, लहानपणी तालमीत लाल मातीत लोळलेला आणि पुढे इंजिनिअर होऊन जपानला नोकरीला आलेला. सुमो पाहून त्याची तालीम पुन्हा जागी झाली. कॅनडाला जाताना त्यानं घरच्या सामानात मलाही बांधलं. "लोक जपानहून बाहुल्या आणतात, आमच्याकडे बघा काय आलंय!" असं म्हणून त्याची बायको शीला पोट धरून हसली होती. शीला नर्स आहे, रिचमंड हिलच्या एका हॉस्पिटलात.

वॉनला आल्यावर उल्हासनं गोदामाचा एक गाळा घेतला आणि रविवारचा आखाडा सुरू केला. इथे बायका-पुरुष दोघंही खेळतात, हे मला फार आवडलं. हौशी सुमोत रिंगण सपाट गादीवर असलं तरी चालतं. पण उल्हासला ओटा हवाच होता. त्यानं फळ्या ठोकून गुडघाभर उंच ओटा केला आणि त्यावर गादी अंथरली. पडदाही लावला. आणि मित्रांनो, मला कुठं ठेवलं असेल? पडद्यामागे! "पहिलवानाच्या नजरेला खुर्ची पडली, की त्याच्या मनात पडायचं येतं," असं त्याचं म्हणणं. सात समुद्र ओलांडले तरी माझ्या नशिबी बोळच.

मग आली जाई. सांगलीची पोर, ग्वेल्फला अन्नशास्त्र शिकायला आलेली. आठवडाभर कॉलेज आणि ग्रोसरी स्टोअरमधलं काम, आणि रविवारी दोन बस बदलून आखाड्यात हजर. तिचे वडील गावाकडे तालीम चालवत. इथे आल्यापासून तिची कुस्ती सुटली होती. सरावानंतर ती माझ्याजवळच पायरीवर बसून वडिलांना फोन लावायची आणि त्यांना तालमीतले आवाज ऐकवायला सांगायची. ते फोन तसाच मातीजवळ धरत असावेत. ती डोळे मिटून ऐकायची आणि मलाही ऐकू यायचं. शड्डू ठोकल्याचे ते आवाज ऐकले की मला माझं जुनं सुमोगृह आठवे. आम्हा दोघींनाही आपापलं रिंगण आठवायचं.

उल्हासनं तिला जीव लावला. मॉन्ट्रियलच्या सुमो स्पर्धेसाठी तिला तयार करायचं त्यानं मनावर घेतलं होतं. पण रीत म्हणजे रीत. "जाई, पडलीस तरी चालेल," तो म्हणायचा, "पण उठून, जागेवर येऊन, नमस्कार करूनच बाहेर यायचं. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही. इट्स अबाउट रिस्पेक्ट." जाईनं ते ब्रह्मवाक्य मानलं. तालमीत वाढलेली पोर ती, गुरूचा शब्द खाली कशी पडू देईल?

त्या रविवारी बाहेर बर्फ भुरभुरत होतं. जाईसमोर होती अवंतिका, रिचमंड हिलची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. दोघी चांगल्या मैत्रिणी. पडद्याच्या फटीतून मला ओट्याचा काठ दिसत होता. दोघी भिडल्या, रेटारेटी झाली, जाईचे पाय काठावर आले. तिनं अंग वळवून डाव टाकायचा प्रयत्न केला आणि ती ओट्यावरून खाली फरशीवर डोक्यावरच आदळली. तिची मान विचित्र वाकलेली मी पाहिली. टाळ्या वाजल्या नाहीत.

सगळे पुढे धावले. उल्हासनं हात वर केला.

"थांबा. कुणी जायचं नाही. उठेल ती. नमस्कार होऊ दे."

तो दुष्ट नव्हता हो. मदत केली तर तिचा मान जाईल, असंच त्याला मनापासून वाटत होतं. जाई कोपरावर रेटा देऊन उठायला बघत होती आणि पुन्हा खाली पडत होती.

"काका, आय ॲम फाइन," ती म्हणाली. "हातांना मुंग्या येतायत फक्त. एक मिनिट."

अवंतिका रडायला लागली. "जाई, प्लीज, डोन्ट मूव्ह!"

उल्हासचा हात खाली आला. त्याचा चेहरा पडला होता. मग तो वळला, धावत पडद्यामागे आला आणि त्यानं माझे दांडे धरले. मित्रांनो, मी निघाले! इतक्या वर्षांनी पडदा माझ्यासाठी बाजूला झाला. माझी चाकं कुरकुरत नव्हती, गात होती. ओट्याचा काठ जवळ आला. माझ्यासमोर जाई होती, आणि मी तिला घेणार होते. तिला एक पाऊलसुद्धा चालावं लागणार नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. शीला आत आली, जेवणाची पिशवी हातात, बुटांना बर्फ. एका नजरेत तिला सगळं समजलं. पिशवी तिथंच पडली.

"उल्हास, ती खुर्ची मागे ने!"

"अगं, बसवू तिला, गाडीत घालून लगेच इमर्जन्सीत..."

"बसवायचं नाही, उचलायचं नाही. मानेला लागलंय. हलली तर कायमची अंथरुणाला खिळेल पोर." ती बोलता बोलता जाईपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिनं दोन्ही तळव्यांत जाईचं डोकं आहे तसंच धरलं. "अवंतिका, नाइन वन वनला फोन लाव. सांग, नेक इंजुरी, शुद्धीवर आहे, हातांना मुंग्या."

मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं ज्या जागेची आस धरली होती, तिथं पोचले होते आणि माझा काही उपयोग नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला शीलाचा रागच आला.

पण जाई निजून राहीना. तिचे खांदे पुन्हा पुन्हा उचलत होते.

"काकू, नमस्कार राहिलाय. फक्त एकदा उठते. मग झोपते ना."

"जाई, हलू नकोस."

"नमस्कार न करता गेला तो पहिलवान नव्हे. काकांनी सांगितलंय."

शीलानं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. "ती माझं ऐकायची नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तू बोल तिच्याशी. तूच शिकवलंयस."

उल्हासनं माझे दांडे सोडले. तो जाईला दिसेल असा तिच्यासमोर खाली बसला. जुन्या सुमोगृहातल्या गुरूला पडलेल्या शिष्यासमोर असं खाली बसलेलं कधी कुणी पाहिलं नसेल. तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हात टेकले आणि त्यानं थंड फरशीला कपाळ लावलं.

"हा तुझा नमस्कार," तो म्हणाला. "तुझ्या वतीनं मी केला. कुस्ती संपली, बाळा. आता पडून राहा. मी सांगतोय ना, पडून राहा."

त्याच्या शेजारी अवंतिकाही वाकली. जाईचे खांदे सैल पडले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती निपचित पडून राहिली. शीलाचे हात अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तसूभरही हलले नाहीत. मग पॅरामेडिक आले. त्यांनी जाईला मान स्थिर ठेवणारा गळपट्टा घातला, सगळ्यांनी मिळून तिला जराही न वाकवता फळीवर घेतलं आणि नेलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं नव्हतंच काही. मी रिकामीच होते, आणि त्या दिवशी मी रिकामी राहिले हेच बरं झालं.

तिच्या मानेच्या मणक्याला चीर गेली होती. त्याच वेळी उठली असती, किंवा मी तिला मांडीवर घेतलं असतं, तर तिचे हातपाय तिचे राहिले असतेच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे शीलानं आखाड्यात सगळ्यांसमोर सांगितलं. उल्हास खाली मान घालून ऐकत होता. त्यानंतर त्यानं आधी ओटा तोडला, गादी जमिनीवर अंथरली, मग पडदा काढला. आता मी उघड्यावर उभी असते, माझ्याजवळ मानेचे गळपट्टे आणि प्रथमोपचाराची पेटी. खेळणाऱ्या प्रत्येकाला शीलानं शिकवलं आहे की कुणाला बसवायचं आणि कुणाला मुळीच हलवायचं नाही.

मॉन्ट्रियलची स्पर्धा होऊन गेली. जाई अजून रविवारी येते, गळ्यात पट्टा, अंगात जाड जॅकेट. घरी फोन लावते, तालमीतले आवाज ऐकते. मग गादीच्या कडेला बसून ती रिंगणाकडे पाहत राहते. तिला पुन्हा उतरता येईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. माझ्यावर बसणारे पहिलवान मान वळवून पाहायचे. हिला मान वळवता येत नाही, म्हणून ती सगळं अंगच रिंगणाकडे फिरवून बसते. ते पाहून मला भरून येतं. काय करणार? ओढ कुणाला चुकली आहे?

मित्रांनो, तुमच्याही खेळात कुणीतरी पडेल. मैदानात, अंगणात, शाळेच्या जिन्यात. तेव्हा टाळ्या वाजवून "ऊठ, ऊठ" म्हणू नका. ओढून उभं करू नका. मोठ्या मायेनं खुर्चीही पुढे करू नका. मोठ्यांना हाक मारा, आणि तुम्ही त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. आमच्याकडे आता कुणी पडलं की सगळ्यांच्या आधी जाईचा आवाज येतो. "उठायची घाई नको. आधी सांग, कुठे लागलं?" आणि उत्तर येईपर्यंत सगळा आखाडा गुडघ्यांवर बसून असतो.