खंडेनवमीचं तेल

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा सोजराला कळलं की बसल्या जागीच आपला डोळा लागला होता. मांडीवर पाच वर्षांची सिद्धव्वा श्वास ओढत होती. दर श्वासाला बरगड्यांमध्ये खळी पडत होती. सोजरानं तिला वाफ दिली, पदरानं तोंड पुसलं. पौषातला गारठा. उजाडून गेलं तरी खजुरी गावावरचं धुकं हललं नव्हतं. असा दम लागला की घरी वाट बघत बसू नका, असं गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बस थेट दुपारची.

अंगणात तिचा नवरा ग्यानबा जीपला स्टार्टर मारत होता. गाडी कण्हायची आणि गप्प व्हायची. शेवटी कण्हणंही थांबलं.

जीप सासऱ्यांनी, किशनरावांनी घेतलेली, नातीच्या दम्यापायीच. जुनी, डिझेलवरची, अख्खं घर मावेल अशी. त्यांची गाडीवर माया फार, पण समज विहिरीवरच्या इंजनापुरती. त्या इंजनाचं जाड तेल त्यांनी खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेदिवशी, हळदकुंकू वाहून जीपमध्येही ओतलं. आळंदचा मिस्त्री लिंगराज सांगून थकला होता, की ते इंजन सावकाश चालणारं, हे पळणारं. थंडीत याला पातळ तेल घाला. सासरे हसले होते. "इंजन म्हंजी इंजन. बैलाला आन् म्हशीला काय पेंड येगळी घालायलास?"

दिवाळीच्या आधीच ते गेले. गारठा वाढला तसं ते तेल काकवीसारखं घट्ट होऊ लागलं. ग्यानबानं पातळ तेलाचा डबा आणला, पण तो पलंगाखालीच राहिला. घरची रीतच तशी होती. खंडेनवमीला ज्या हातानं तेल घातलं, त्याच हातानं ते पुढच्या खंडेनवमीला काढायचं. आता तो हातच राहिला नव्हता. सोजराही गप्प राहिली होती. सासऱ्यांनी तिला सून म्हणून नाही, लेक म्हणूनच वागवलं होतं.

गल्लीतली पोरं बोलावून गाडी ढकलून बघतो, असं ग्यानबा म्हणाला. कालही ढकलली होती. ऊन वर आलं तेव्हा कुठं ती धरली होती.

सोजरानं लेकीला सासूच्या मांडीवर दिलं. पलंगाखालचा डबा ओढून आणला, घमेलं जीपखाली सरकवलं आणि पाना घेऊन मातीत बसली. कुठला बोल्ट फिरवायचा हे तिला ठाऊक नव्हतं.

"काय करायलीस?" ग्यानबानं विचारलं.

"तुमच्या हातानं व्हईना, तर माझ्या हातानं व्हऊ द्या. मामांनी गाडी कामून घेतली व्हती, तेवडं मला सांगा."

ग्यानबानं आईकडे पाहिलं. चंद्रभागाबाई नातीच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. बराच वेळ तो हात वर खाली होत राहिला.

"काढ रे," त्या म्हणाल्या. "पर मातीत सांडू नको. त्येंच्या हातचं हाय."

ग्यानबानं तिच्या हातातून पाना घेतला आणि जीपखाली सरकला. तेलाची धार लागेना. काळी दोरी लोंबत यावी तसं ते उतरत राहिलं. तो आडवा पडून त्याकडे बघत होता. त्याला कुणी घाई केली नाही, सोजरानंही नाही.

मग नवं तेल पडलं. गल्लीतली पोरं आली, मारुतीच्या देवळापाशी उताराला इंजन धडधडलं. ग्यानबानं गाडी वळवून दाराशी आणली. सोजरा लेकीला गोधडीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसली. मागं अंगणात चंद्रभागाबाई ते घमेलं पदरानं झाकून दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, खाली ठेवावं की नाही हे न कळल्यासारख्या.

सिद्धव्वानं मान वळवून आजीकडं पाहिलं.

"आई," ती धापा टाकत तुटक म्हणाली, "आज्जाचं तेल आता कुटं ठिवायचं?"